मीठ, लोखंड आणि वेठ

देशावरच्या गावाचा इतिहास सांगायला बसलं की बारा बलुतेदार येतातच. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट; खळ्यावर ज्याचा त्याचा वाटा ठरलेला. तलासरीकडच्या आमच्या झरीत यातला एकही नव्हता. वारल्यांचा पाडा बलुत्यावाचून चालायचा. घर उभं करायचं तर जंगलातून खांब आणायचे, कारवीचा कूड विणायचा, त्यावर शेणमाती लिंपायची, वर गवत शाकारायचं. टोपली, सूप, धान्याची कणगी, पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं इरलं, ओढ्यात लावायचा मासे धरायचा बांबूचा सापळा, सगळं घरच्या हातांनी व्हायचं. दोर वळणारे हात घरचेच, केस कापणारेही घरचेच. बाळंतपणाला पाड्यातली सुईण, दुखण्याला भगत, लग्नाला धवलेरी. धवलेरी म्हणजे बाईच. ती गाण्यांनी लग्न लावायची आणि सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. तिला लुगडं, ताडी, थोडं धान्य मिळायचं, आणि मान मिळायचा.

आजा बोटं मोजून सांगायचा, आम्हाला बाहेरून पाचच वस्तू लागत: मीठ, लोखंड, कापड, मडकं आणि सुकी मासळी. आजी चुलीपुढून सहावी जोडायची, बांगडी. आजाच्या मोजणीत बांगडी कधी आली नाही आणि आजीनं ती जोडायची कधी सोडली नाही.

शाळेत इतिहास शिकवायला लागल्यापासून मी म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट विचारत आले आहे: काय विकत घ्यायचा, कोणाकडून, आणि बदल्यात काय द्यायचा? लढाईच्या, मोर्च्याच्या आठवणी माणसं आपणहून सांगतात. मिठाचं मोल मात्र विचारावं लागतं. विचारलं की बोलणं थांबत नाही, कारण पोटाचा सगळा हिशेब त्यात असतो.

मांगेलीण, म्हणजे किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांची बाई, यायची ती भात झोडून झाल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमाराला. चिखल्याकडून, बोर्डीकडून निघायची, डोक्यावर पाटी, पाटीत सुके बोंबील, जवळा, खारवलेली मासळी. वासानं ती पाड्याच्या वळणावरच कळायची. ओट्यावर पाटी उतरली की आधी पाणी, मग गप्पा, मग व्यवहार. तिच्याकडे तराजू नसायचा. बोंबील मुठीनं, जवळा ओंजळीनं, आणि बदल्यात भात किंवा नागली तिच्या स्वतःच्या वाडग्यानं. मूठ तिची, वाडगाही तिचाच. म्हणून पाड्यातल्या बायका मूठ भरताना तिच्या बोटांकडे बघत बसायच्या. आजी म्हणायची, ‘ती बोटं दाबून धरी गो, मग आम्ही म्हणू, मावशे, मूठ सोड!’ मावशी हसायची, मूठ थोडी सैल व्हायची, वर चार बोंबील जादा पडायचे. कोणाकडे भात नसला तर सुक्या लाकडाची मोळीही चालायची, कारण किनाऱ्यावर सरपणाची टंचाई असे. या व्यवहारात फसवणूक नव्हती असं मी म्हणणार नाही, पण घासाघीस दोन्ही बाजूंनी व्हायची. देणारी आणि घेणारी एकाच ओट्यावर, एकमेकींच्या डोळ्यांत बघत बसलेल्या असायच्या. पुढे ज्या व्यवहारांबद्दल सांगायचं आहे, त्यांत एवढंही नव्हतं.

लोहार आठवड्याच्या बाजारात भेटायचा. आजाला लोहाराचं काम बघायचा नाद होता आणि त्याच्या तोंडून ते मी इतक्यांदा ऐकलं की भाता माझ्यासमोर चाललेला दिसतो. लोखंड बहुधा जुनंच, गाडीच्या चाकाची झिजलेली धाव किंवा असाच कुठला तुकडा. तो लाल होईपर्यंत तापवायचा, ऐरणीवर लांबवायचा, मग टोकाकडून वाकवत आणायचा. भात कापायच्या विळ्याला छिन्नीनं बारीक दाते पाडायचे. गवताच्या विळ्याला दाते नसतात, त्याची धार सपाट आणि पातं थोडं लांब. मूठ गिऱ्हाइकानं आपली आपण बसवायची. धार लावून घ्यायची तर पैसे द्यायलाच हवेत असं नव्हतं. टोपलीभर कोळसा नेला तरी लोहार खूश, कारण त्याची भट्टी कोळशावर चालायची आणि कोळसा जंगलातल्या माणसाकडेच असायचा. गवताच्या विळ्याचं पातं आजा हवेत बोटानं काढून दाखवायचा. त्या विळ्यावर पुढे फार मोठं प्रकरण घडायचं होतं.

वर्षाची मोठी खरेदी महालक्ष्मीच्या जत्रेत. डहाणूपासून पूर्वेला, चारोटीजवळ विवळवेढ्याच्या डोंगराखाली ही जत्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरते, आजही. पाऊस दोन महिन्यांवर आलेला असतो, म्हणून इथली खरेदी हौसेची कमी आणि बेगमीची जास्त. सुकी मासळी, कांदे, मिरची-मसाला, मडकी, विळे-कोयते, एखादं लुगडं. एकदा ओढे भरले की बाजार तुटायचा, पाड्यातून चार महिने बाहेर पडणं कठीण. आजी जत्रेला जायची ती बांगड्यांसाठी. कासार हात दाबून दाबून बांगडी चढवायचा, आणि जत्रेतून परतल्यावर सात-आठ दिवस तरी बायका हात जपून काम करायच्या.

डहाणू हे नाव फार जुनं. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं ज्या नद्यांवर लोकांना नावेतून फुकट पार करायची सोय केली, त्यांत पारदा, दमणा, तापी यांच्याबरोबर दाहनुका आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी आमच्या खाडीवर वाटसरूकडून उतराईचे पैसे न घेणारी नाव चालत होती. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी कोणी तरी विचारतं, मग नावाड्याला पगार कोण द्यायचं? त्या लेखाला विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला सुचलेला नाही.

नावेच्या जागी आगगाडी आली ती १८६४ साली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रस्ता त्या वर्षी सुरतेकडून मुंबईपर्यंत जोडला गेला आणि डहाणू, घोलवड, उंबरगाव ही स्टेशनं मुंबईच्या हाकेवर आली. इथून इतिहासाची पुस्तकं प्रगती सांगू लागतात, आणि ती झालीही. पेठ वाढली, वखारी उभ्या राहिल्या, पुढे इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या बहरल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मुंबईला आमच्या रानातून पहिल्यांदा हवं होतं ते लाकूड, कोळसा आणि गवत. गवत कशाला, तर मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना आणि गाड्यांच्या घोड्यांना. ते कापायचं, वाळवायचं, भारे बांधून वखारीत आणायचं, दाबून गासड्या करायच्या आणि वाघिणीत भरायच्या. जिथे वरी-नागली पिकायची अशा वरकस जमिनींवरसुद्धा मालकांनी गवत राखलं, कारण गवताला नांगर लागत नाही, बी लागत नाही. लागतात ते फक्त कापणारे हात.

आजी लग्नाआधी सरपणाची मोळी घेऊन घोलवडला जायची. पहाटे कोंबड्याच्या आधी निघायचं, ऊन चढायच्या आत पेठेत पोहोचायचं. मोळी विकली की त्याच पैशाचं मीठ घ्यायचं. वाण्याच्या दुकानाच्या पायरीखाली उभं राहायचं, पदर पसरायचा, वरून मीठ पडायचं. पायरीवर चढायचं नाही. मांगेलिणीच्या मुठीबद्दल आजी हसून बोलायची. या पायरीबद्दल ती कधी हसली नाही.

दारूचं दुकान ही पेठेतली आणखी एक गोष्ट, आणि तिच्यामागे सरकार होतं. ताडी आणि मोहाची दारू पाड्यात पूर्वीपासून होती. देवाला, लग्नाला, मयताला लागायची. १८७८ च्या अबकारी कायद्यानं ताडाच्या झाडावर जबर कर बसला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला, मोहाची फुलं घरात साठवणं गुन्हा ठरला. मोहाच्या झाडाखाली जन्म काढलेल्या माणसानं फुलं वेचली तर शिपाई दारात. जे घरात फुकट होत होतं, ते ठेकेदाराच्या दुकानात पैसे टाकून प्यायला लागलं, आणि पैसे नसले की उधारीवर. उधारी झाली की वही आली.

याला उत्तर मिळालं ते बाहेरून नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांमध्ये देवीचा वारा सुरू झाला. अंगात आलेली देवी सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. तो वारा रानांतून वर सरकत थेट सुरत जिल्ह्यापर्यंत गेला आणि ठिकठिकाणच्या आदिवासींनी दारूच्या गुत्त्यांकडे पाठ फिरवली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. तो वाचताना मला सारखी ती बोंबीलवाली मावशी आठवत होती. पाटीतून मासळीच्या जोडीनं बातमी यायची, हे आजी सांगायची. देवीही अशीच वाटावाटांनी, माणसाच्या तोंडून माणसाकडे आली असणार.

आता सावकार, म्हणजेच मालक. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शेती, भांडवल, व्यापार अशी स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि फार कष्टानं केलेलं ते काम आहे. पण व्यापाराचं प्रकरण बंदरावर आणि स्टेशनात सुरू होतं. पाड्यात ते खावटीपासून सुरू व्हायचं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी व्हायची. कंदमुळं, रानभाज्या, खेकडे यांवर दिवस काढले जायचे, आणि तेही सरलं की मालकाच्या दारात जाऊन भात मागायचं. ते भात म्हणजे खावटी. पीक आलं की एका मणाला दीड मण फेडायचं, कुठे दोन मण. आजा सांगायचा, देण्याचं माप वेगळं होतं आणि घेण्याचं वेगळं. देताना पायलीवरून हात फिरवून भात सपाट करत. घेताना शीग लावत, ढिगाचं टोक ओघळून खाली पडेपर्यंत. खाली पडलेलं भात मालकाच्याच अंगणात पडलेलं, म्हणून ते मालकाचंच. हे सांगताना आजा जमिनीवर बोट टेकवून दाखवायचा, दाणा इथे पडायचा, आणि आम्ही इथे उभे असायचो.

सर्व्हे होऊन जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर लागल्या, त्या गहाण टाकता यायला लागल्या, विकता यायला लागल्या. अंगठा उठवलेला कागद काय म्हणतो ते अंगठेवाल्याला कळत नव्हतं. दोन-तीन पिढ्यांत वारली आपल्याच वावरात कूळ झाला. कूळ झाला म्हणजे मालकाची वेठ त्याच्याकडे आली. वेठ म्हणजे बिनमोबदल्याचं काम. आधी मालकाचं शेत लावायचं, मग आपलं. मालकाचं घर शाकारायचं, लाकडं फोडायची, बायकांनी शेण काढायचं, भात कांडायचं. मालकाचा माणूस काठी घेऊन पाड्यावर यायचा, नाव घेऊन हाक मारायचा, आणि घरात तापानं फणफणलेलं माणूस असलं तरी निघायला लागायचं. लग्नासाठी कर्ज घेतलेल्या जवान पोराची गत याहून वाईट. तो लग्नगडी व्हायचा, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत मालकाकडे राबायचा आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. कर्ज फिटलं की नाही हे वही सांगणार, आणि वही मालकाची. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं १९३९ सालच्या सरकारी अहवालात ही वेठ आणि नकार देणाऱ्याला होणारी मारहाण नोंदवली आहे. सरकारला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

डहाणूच्या पेठेत प्रत्येक वस्तूला दर होता. मिठाला होता, बांगडीला होता, गवताच्या गासडीला होता, वाघिणीच्या भाड्यालाही होता. ते गवत ज्या हातांनी कापलं, त्यांना ठरलेला दर नव्हता. मिळाला तर आणा, नाही तर शिवी. माझ्या दृष्टीनं इथल्या व्यापाराचा इतिहास याच जागी येऊन थांबतो, आणि तो पुन्हा सुरू होतो आमच्या गावात.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली तिथे गेले, त्यांत माह्या धांगडा होते. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात; १९६० च्या राज्य फेररचनेत उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. टिटवाळ्याहून परतलेल्यांच्या मागोमाग किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर आले. २३ मे १९४५ ला झरीत सभा भरली. सुमारे पाच हजार माणसं. आजा त्या गर्दीत होता, आजी नव्हती. नवी सून, तिला सोडलं नाही, आणि हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. सभेत ठरलं ते थोडक्यात असं: यापुढे वेठ करायची नाही, रोख मजुरी घेतल्याशिवाय मालकाच्या कामाला हात लावायचा नाही, दिवसाला बारा आणे मागायचे, आणि कोणी मारायला आलं तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. हात वर करून शपथ घेतली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे दिवस लिहून ठेवले आहेत, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकात सभा आहे. आजाच्या सांगण्यात सभेनंतरची सकाळ होती. मालकाचा माणूस नेहमीसारखा काठी घेऊन आला, नाव घेऊन हाक मारली, आणि पाड्यातून विचारणा झाली, ‘मजुरी किती?’ काठीवाल्याला त्या प्रश्नाचं उत्तर मालकानं शिकवून पाठवलेलं नव्हतं. तो परत गेला.

पावसानंतर गवत पिकलं. आता विळे खाली ठेवायची वेळ होती. मागणी होती पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. गवत उभं वाळू लागलं, मुंबईचे तबेले वाट बघत राहिले, वखारी रिकाम्या. ऑक्टोबरच्या १० तारखेला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड. पाचशे रत्तल गवताचा दर मागण्याची ही किंमत होती. संप मात्र मोडला नाही, आणि दर मिळाला.

दर वजनावर आला तेव्हा पाड्याला एक नवीच विद्या शिकावी लागली. मांगेलिणीची मूठ, सावकाराची पायली या दोन्ही ओळखीच्या होत्या; काटा ओळखीचा नव्हता. वखारीतल्या काट्यापाशी भारे चढायचे, मुकादम आकडा ओरडायचा आणि तो खरा मानायचा. मग पाड्यानं एक माणूस काट्यापाशीच उभा करायला सुरुवात केली. त्याला लिहिता येत नव्हतं. तो हातातल्या काठीवर प्रत्येक पाचशे रत्तलाला एक खाच पाडायचा आणि संध्याकाळी मुकादमाच्या वहीशी खाचा ताडून बघायचा. पहिल्या दिवशी दोन खाचा जास्त निघाल्या. आरडाओरडा झाला, पुन्हा वजन झालं, आणि खाचा बरोबर ठरल्या. काठी कोरणारा माणूस आमच्याच पाड्यातला होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना तसं नको आहे. पण मालकाच्या माणसाच्या हातात जी वस्तू आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितली, तीच काठी यानं हिशेबाला घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

पुढच्या वर्षी संप जंगलात गेला. लाकडाच्या ठेकेदारांच्या कूपात झाडं तोडणाऱ्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि १९४६ च्या नोव्हेंबरात रोज सव्वा रुपया मान्य झाला. आजा तेव्हा कूपावर होता. हिवाळाभर त्यानं काम केलं आणि चैत्रात दोघं महालक्ष्मीला गेली. त्यानं स्वतःच्या पैशानं नवा कोयता घेतला, लोहाराशी तासभर हुज्जत घालून. आजीनं मांगेलिणीकडून पावसाळ्याची सगळी मासळी एकदम घेतली, रोख देऊन, आणि तरीही मूठ सोड म्हणून भांडलीच. कासारापाशी मात्र तिनं घासाघीस केली नाही. तो म्हणेल ते दिलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरून घेतले. येताना मिठाचं गाठोडं आजाच्या खांद्यावर होतं. त्या साली श्रावणात आमच्या घरातून खावटी मागायला कोणी गेलं नाही.